जोड दाखवा

कागदोपत्री त्याला एक नाव आहे, पण ते फक्त दवाखान्यात पुकारलं जातं, आणि तेव्हा तो उठत नाही. बायकोने कोपराने ढोसलं की त्याच्या लक्षात येतं, अरे, हे तर आपणच. बाकी सगळ्यांना तो कानस. लोखंड घासायची असते ती कानस. विसाव्या वर्षी मोटारसायकली दुरुस्त करायच्या एका शेडमध्ये त्याला हे नाव पडलं, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी ते त्याच्या अंगाला असं बसलं आहे की बायकोही चिडली की म्हणते, "अहो कानस, पुरे करा आता."

चिडायला तिच्याकडे कारणं भरपूर आहेत. या माणसाला खरखरीत काही खपत नाही. दाराच्या कड्या, पातेल्यांचे काठ, स्टुलाच्या पायांचे तळवे, सगळं त्याने घासून ठेवलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात किसणीची कड बोटाला लागते, अशी बायकोने सहज तक्रार केली. संध्याकाळी किसणी परत मिळाली ती आरशासारखी. कडही गेली होती आणि दातेही. "ह्यांना कड सांगितली, ह्यांनी किसणीच सुधारली," ही गोष्ट ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि कानस खाली मान घालून मिशीतल्या मिशीत हसतो. मिशी भरघोस आहे. तिचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवलेली बरी.

त्याचं काम गाडीच्या सांगाड्याचं. इंजिनवाले वेगळे, रंगवाले वेगळे. हा नळ्या कापणार, वाकवणार आणि जोडणार. वेल्डिंग काय, कोणीही करतं. जोडाच्या जागी जो उंचवटा राहतो त्यावर लोक पुट्टी थापतात, वर रंग मारतात आणि हात झटकून मोकळे होतात. दोन वर्षांत पुट्टीला चीर जाते. कानस पुट्टीला शिवत नसे. तो शिसं वितळवायचा, तेल लावलेल्या लाकडी पट्टीने ते जोडावर लोण्यासारखं बसवायचा, आणि मग घासायला बसायचा. आधी मोठी कानस, मग मधली, मग बोटाएवढी, मग पॉलिश पेपर, शेवटी नुसतं कापड. हे सगळं झालं की डोळे मिटून अंगठा फिरवायचा. अंगठा कुठे अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. "दिसतो तो जोड नव्हे, ठिगळ," असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाला गाडी देताना दोनच शब्द बोलायचा: "जोड दाखवा."

कोणाला दाखवता आला नाही. शेडचा मालक म्हणायचा, "अरे बाबा, अति तिथे माती. चार दिवसांचं काम तू बारा दिवस करतोस." कानसला ते ऐकू यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मालकाचं म्हणणं किती खरं होतं, ते कळायला एकतीस वर्षं जावी लागली.

त्याच्या हातून अकरा चॉपर झाले. चॉपर म्हणजे चांगली धडधाकट जुनी मोटारसायकल घ्यायची, तिची मान, म्हणजे हँडलखालचा सांगाडा, कापून मागे झुकवायची, पुढच्या चाकाचा फोर्क हातभर लांबवायचा, हँडल खांद्याएवढं उंच करायचं आणि नको ते सगळं काढून टाकायचं. बघणाऱ्याला वाटतं, पुढचं चाक दुसऱ्या गल्लीत वळलं तरी माणूस अजून याच गल्लीत आहे. शहाण्या माणसाला या वाहनाचा काहीही उपयोग नाही. वळत नाही, मागे कोणी नीट बसत नाही, पाऊण तासाने पाठ बोंबलते. पण ते उभं असलं की माणसं थांबतात. अकरांपैकी दहा पोटासाठी केले. अकरावा केला तो भावोजींसाठी.

भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. शहर बसचे ड्रायव्हर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांनी न्हाव्याच्या दुकानात एका फाटक्या मासिकात चॉपरचं चित्र पाहिलं आणि ते पान खिशात घालून थेट कानसकडे आले. "आठवडाभर मी ताठ बसून साठ माणसं ओढतो," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी मला पाय पसरून एकट्याला ओढायचंय. कर."

गाडी त्यांच्याकडे होतीच. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून घेतलेली, एका सिलिंडरची, जाड हाडाची. ती बनवणारी कंपनी भावोजी चालायला शिकायच्या आधी बंद पडली होती. बहिणीच्या घरामागच्या अंगणात दोघं चौदा महिने दर सुट्टीला राबले. भावोजी नळ्या धरायचे, कानस जोडायचा, आणि ताई दर तासाला चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "अजून आहेच का ते धूड?" एवढं निवांत काम कानसने ना त्याआधी केलं, ना त्यानंतर. बाकीच्या गाड्यांमागे मालकांची घाई असे. हिला घाई नव्हती.

आणि घाई नव्हती म्हणूनच घात झाला.

गाडीच्या मानेवर, उजव्या अंगाला, कंपनीने ठोकलेले सात आकडे होते. चासी नंबर. कारखान्यातल्या कोणीतरी कंटाळलेल्या हाताने ठोकलेले, एक वर, एक खाली, सातचा आकडा तर कलंडलेला. आजूबाजूची सगळी मान पाण्यासारखी झाली आणि मधे ते सात ओरखडे. कानस दोन सुट्ट्या त्यांच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या सुट्टीला भावोजी बाजारात गेले असताना त्याने मोठी कानस घेतली आणि आकडे घासून टाकले. नुसते दिसेनासे केले नाहीत. त्यांची मुळं राहतील म्हणून आणखी खोल घासले, खड्डा शिशाने भरला, आणि पुन्हा मोठी, मधली, बोटाएवढी. हे कोणाला सांगावं असं त्याला वाटलं नाही. किसणीचे दाते घासताना तरी कुठे कोणाला विचारलं होतं? त्या काळी कचेरीत गाडी बघायचेच नाहीत. नोंदणीपुस्तक बघून शिक्का मारायचे.

गाडी झाली. गडद हिरवी टाकी, बाकी सगळी काळी. भावोजींनी मानेवर डोळे मिटून अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर. जोड सापडेना. तेव्हा पैज लागली. ज्या दिवशी भावोजींच्या अंगठ्याला जोड सापडेल, त्या दिवशी कानसने मिशी उतरवायची.

पुढे वर्षातून एकदा जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा, तिथे दोघं जायचे. नवखी माणसं चकाकणाऱ्या सायलेन्सरसमोर उभी राहून फोटो काढत. जाणकार माणूस गाडीला एक फेरी मारतो, काही बोलत नाही, आणि मग गुडघे टेकून मानेखाली बघतो. सांगाडा जिथे कापला तिथे कारागिराची लायकी कळते. भावोजींच्या गाडीसमोर माणसं गुडघ्यावर बसायची, नळीवरून बोट फिरवायची आणि वर बघून विचारायची, "ही कापलीच नाही का?" भावोजी शेजारी खुर्ची टाकून राजासारखे बसलेले असत. "जोड दाखवा आणि ह्याची मिशी घेऊन जा," ते ओरडायचे. कानस तिथून पळून चहाच्या टपरीवर जायचा. त्याच्या आयुष्यातलं कौतुक म्हणतात ते एवढंच. पण माणसाला किती लागतं?

चार वर्षांपूर्वी भावोजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, "हो", "नको", "तू", "चहा" असे पाचसहा शब्द उरले. शिव्या मात्र सगळ्या शाबूत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. ताई म्हणाली, व्हायचंच होतं.

तेव्हापासून एक रिवाज पडला. दर रविवारी सकाळी आठला कानस बहिणीकडे जायचा, व्हरांड्यातल्या चॉपरला लाथ मारून ती सुरू करायचा आणि दहा मिनिटं चालू ठेवायचा. ताई भावोजींची चाकाची खुर्ची गाडीला खेटून लावायची. ते डोळे मिटून इंजिन ऐकायचे, आणि इंजिन बंद झालं की डावा हात पुढे करून अंगठा मानेवरून फिरवायचे. वरून खाली, खालून वर. मग एक सणसणीत शिवी घालायचे आणि अर्ध्या तोंडाने हसायचे. आठवड्यात ते हसायचे ते तेवढंच. ताई एकदा म्हणाली होती, "सोमवारपासून ते रविवारचीच वाट बघतात रे. एवढी वाट त्यांनी माझीसुद्धा कधी बघितली नाही."

मग कचेरीचं पत्र आलं.

ते पत्र घेऊन ताई स्वतः कानसच्या घरी आली. भावोजींना झटका आल्यापासून गाडीचे कागद तिच्या नावावर झाले होते. नवा नियम असा की, पन्नास वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची पुन्हा तपासणी व्हायची. चासीवरचा नंबर अधिकाऱ्याला डोळ्यांनी वाचता आला पाहिजे आणि तो पुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. नाही वाचता आला तर गाडी चोरीची समजून मोडीत काढायची. गाडी आणलीच नाही तर मालकावर खटला.

"आपली कुठे चोरीची आहे!" ताई म्हणाली. "फोटोग्राफरची पावतीसुद्धा मी जपून ठेवलीये. तू फक्त नंबर कुठे असतो ते त्यांना दाखव, म्हणजे झालं."

कानसने हातातला चहा तसाच खाली ठेवला. त्याची बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिने हळूच विचारलं, "अहो, किसणी केलीत का तिची?"

त्याने मान हलवली.

ताईला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती रागावली नाही, आणि तेच वाईट. रागावली असती तर कानसला निदान मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं. ती म्हणाली, "ह्यांना कळता कामा नये. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का नको. तू काहीतरी कर रे." थोरली बहीण "तू काहीतरी कर" म्हणाली, आणि जन्मभर जो लोखंडाला नाही म्हणाला नव्हता त्याला काय करावं ते सुचेना.

रंगाला द्यायची, असं भावोजींना सांगून त्याने गाडी स्वतःच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. आधी तो कचेरीबाहेरच्या एजंटकडे गेला. एजंटने पत्र पुरतं वाचलंही नाही. "काका, पुस्तकात नंबर आहे ना? आकड्यांचे पंच आणा आणि ठोका. कोण बघतंय?" कानसला खोटं करायचं नव्हतं. पण व्हरांड्यातली ती चाकाची खुर्ची डोळ्यांपुढून हलेना, म्हणून त्याने पेटीतले जुने पंच काढले आणि एका फालतू नळीवर सात आकडे ठोकून पाहिले. आकडे एका ओळीत, एका खोलीचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर उमटले. दुकानावरच्या पाटीसारखे. अशा गाडीवर असा नंबर कोणत्याच कंपनीने कधी ठोकला नसेल. आंधळ्यालाही कळलं असतं. त्याने वाकडे ठोकायचा प्रयत्न केला. सातचा आकडा कलंडवायचा म्हणून त्याने पंच तिरपा धरला, आणि हातोडी पडायच्या आधी मनगटाने तो आपोआप सरळ केला. पाच वेळा हेच झालं. चांगलं काम करता न येणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. वाईट काम करता येईना म्हणून हताश होऊन बसलेला हा एकटाच. वर त्याच्या मनात आलं, पकडले गेलो तर बेड्या ताईला पडतील. त्याने पंच पेटीत परत ठेवले. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्याला शेडमधल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलेलं आठवलं. आकडा ठोकताना लोखंड आत खोलवर दबतं. वरचं घासून टाकलं तरी दबलेली जागा राहते, आणि ॲसिड लावलं की ती जरा वेगळी काळवंडते. पोलीस चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच उठवतात. पण त्यासाठी मान नागडी करायला हवी होती. रंग, शिसं, सगळं.

एका सकाळी त्याने गॅसची ज्योत मानेवर धरली. एकतीस वर्षं न हललेलं शिसं घामासारखं फुटलं आणि थेंबाथेंबाने खालच्या डब्यात पडलं. शिशाखालून जोड वर आला. जाडाभरडा, खवल्यांचा, कोणाच्याही बोटाला लागेल असा. एवढा बेढब जोड आपण घातला होता, हे कानस विसरूनच गेला होता. त्याने तिकडे बघायचं टाळलं आणि आकड्यांच्या जागेवर कापसाच्या बोळ्याने ॲसिड लावलं.

दहा मिनिटांनी लोखंडावर काहीतरी धूसर उमटलं. पुस्तकातला नंबर त्याला पाठ होता, त्यामुळे सातही आकडे त्याला लगेच दिसले. पण पाठ असलेली गोष्ट डोळ्यांना दिसतेच, एवढी अक्कल त्याला होती. त्याने बायकोला हाक मारली. तिला नंबर माहीत नव्हता.

"वाच."

ती चष्मा नाकावर चढवून वाकली. "चार. एक. आठ. मग... पुन्हा एक."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"नीट बघ ना. सात आहे तिथे. कलंडलेला."

"अहो, असता तर दिसला असता ना?" ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली, बराच वेळ वाकून राहिली, जणू बघत राहिलं तर उगवेल. "नाही हो," ती म्हणाली.

त्याने पुन्हा ॲसिड लावलं. पुन्हा चारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उरलेल्या तीन आकड्यांच्या जागी, जिथे त्याने मुळं राहतील म्हणून सगळ्यात खोल घासलं होतं, तिथे स्वच्छ, एकसारखं, सुंदर लोखंड होतं.

तपासणीच्या दिवशी ताई आणि कानस गाडी टेम्पोत घालून कचेरीच्या आवारात गेले. अधिकारी बाई होत्या, तिशीच्या, हातात भिंग आणि टॉर्च. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, काही बोलल्या नाहीत, आणि मग गुडघे टेकून मानेखाली पाहिलं. जाणकार आहे, कानसला वाटलं, ही ऐकून घेईल.

"हे कोणी घासलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

कानसने खूप विचार केला. यापेक्षा वेगळं, शहाणं उत्तर असायला हवं होतं. "खरखरीत लागत होतं," तो म्हणाला.

बाईंनी टॉर्च विझवला. त्यांनी फोटोग्राफरची पावती पाहिली, पुस्तक पाहिलं, मेळाव्यातले जुने फोटो पाहिले. ताईने नवऱ्याचं सांगितलं. खुर्ची, रविवार, अंगठा, सगळं. बाई ऐकत होत्या आणि त्यांना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला. पडद्यावर सात चौकोन होते. त्यांनी चार आकडे भरले आणि पुढचं बटण दाबलं. पडदा हलला नाही. पुन्हा दाबलं.

"जे डोळ्यांनी दिसलं तेच भरायचं, आणि तसं लिहून खाली सही करायची," बाई म्हणाल्या. "मी पुस्तकातले बाकीचे तीन भरले तर उद्या माझी चौकशी." आणि मग, जरा थांबून, "काका, एखाद्या साध्या मिस्त्रीने घासलं असतं ना, तर सातही सापडले असते."

त्या हे दुखवायला म्हणाल्या नव्हत्या. पण कानसला आजवर कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. मेळाव्यातली सगळी स्तुती एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्यात.

मोड करण्याचं आवार कचेरीच्या मागेच होतं. नियम असा की, सांगाडा मानेपाशी दोन ठिकाणी, वीतभर अंतरावर कापायचा, म्हणजे पुन्हा कोणी जोडू नये. इंजिनवर आधीच घण पडला होता. तो आवाज कानसने भिंतीकडे तोंड करून ऐकला. ताई टेम्पोत बसून राहिली होती. तोडकाम करणारा माणूस गॅसची ज्योत पेटवत म्हणाला, "काका, जुना जोड कुठे आहे ह्यात? जोडाच्या आसपास धरलेलं बरं, पटकन जातं."

इतकी वर्षं कानसच लोकांना म्हणत आला होता, जोड दाखवा. आता त्याने खडू घेतला, जोडाच्या अलीकडे एक रेघ मारली, पलीकडे एक.

आणि मग त्याला राहवेना. "गॅसने नको," तो म्हणाला. "कड जळते."

"भंगारच आहे ना?"

"मी कापतो. माझी करवत आहे."

तोडकाम करणाऱ्याने खांदे उडवले आणि बिडी पेटवली. कानसने दोन्ही ठिकाणी करवत चालवली, सावकाश, रेघ न सोडता. मधला वीतभर तुकडा हातात आला. मधोमध तो बेढब जोड, दोन्ही टोकांना ताजी कापलेली कड. कडेला करवतीने उठलेली लोखंडाची बोचरी कूस होती. पिशवीतली बोटाएवढी कानस कधी हातात आली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तिथेच पायरीवर बसून त्याने दोन्ही टोकं घासली. बाहेरून, आतून, गोल गोल. जित्याची खोड. तोडकाम करणारा बिडी विझेपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "न्या तो घरी. वजनात मी तो धरत नाही."

रविवारी जायचं नाही, असं कानसने ठरवलं होतं. पण सकाळी सात वाजल्यापासून तो चपला घालून घरातल्या घरात फिरत होता. बायको म्हणाली, "जा हो. वन्सं एकट्या काय काय सांभाळतील?" तो निघाला. तुकडा खिशात होता. कशासाठी घेतला ते त्याला सांगता आलं नसतं. पैज हरलो एवढं तरी भावोजींना द्यावं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. सांगायचं एवढंच की रंगासाठी शिसं काढलं, नळीचा खराब भाग बदलला, हा तो भाग. खोटं त्याने वाटेत दोनदा घोकलं.

व्हरांडा रिकामा होता. चाकांच्या जागी फरशीवर दोन डाग. भावोजी तरीही तिथेच खुर्चीत बसले होते, डाग दिसतील असे. कानसला बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"रंगाला आहे," कानस म्हणाला. "शिसं काढावं लागलं. हे बघा, काय निघालं." आणि तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला.

भावोजींनी डोळे मिटले. अंगठा नळीवर टेकला आणि निघाला. वरून खाली. मधोमध आला आणि अडला. पुन्हा मागे, पुन्हा अडला. त्यांनी डोळे उघडले. एकतीस वर्षांनी! अर्धं तोंड कानापर्यंत गेलं, एक अशी शिवी निघाली की आतून ताई ओरडली, आणि त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांची कात्री करून ती कानसच्या मिशीपाशी चालवली. खच, खच. कानसही हसला. त्याला वाटलं, निभावलं.

हसता हसता भावोजींचा अंगठा नळीवरून पुढे सरकला आणि टोकाला पोचला. कडेवरून एक वेढा घेतला. बाहेरून. मग आतून. हळू. दुसऱ्या टोकाला गेला, तिथेही वेढा घेतला. कुठेच अडला नाही.

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून ते निघून गेले. खराब झालेली नळी कोणी काढून टाकली तर तिची कड कोण घासतं? आणि भंगाराची कड आतूनसुद्धा घासणारा माणूस त्यांना एकच माहीत होता. गाडी शाबूत असती तर त्याचा हात गाडीवर चालला असता, ह्या तुकड्यावर नाही. त्यांनी कानसकडे पाहिलं.

"तू," ते म्हणाले.

त्यात प्रश्न नव्हता आणि रागही नव्हता. त्यांच्याजवळ पाचसहाच शब्द होते, त्यातला तो एक. कानसजवळ सगळे शब्द होते आणि त्याला एकही सापडेना. त्याने मान हलवली.

भावोजींनी तुकडा मांडीवर ठेवला, त्यावर पंजा झाकला आणि ते समोरच्या त्या दोन डागांकडे बघत बसले. आठ वाजून गेले होते. कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. "काय हो, आज आवाज नाही आला गाडीचा?"

"रंगाला दिलीये!" आतून ताईने मोठ्याने सांगितलं, व्हरांड्यात ऐकू जाईल अशा बेताने. "येईल पुढच्या आठवड्यात!"

मग भावोजींनी आतल्या दाराकडे मान केली. "हो," ते म्हणाले, तिला ऐकू जाईल असं.